श्वास, झोप आणि विश्वास



काही महिन्यांपूर्वी आम्ही नागपूरच्या एका रुग्णालयात आपल्या ओळखीच्या एका भगिनीला ख्रिस्तशरीर देण्यासाठी गेलो होतो. रक्ताच्या कर्करोगासाठी त्यांची केमोथेरपी चालू होती. संस्कार झाला, प्रार्थना झाली. आम्ही निघण्याच्या बेतात असताना त्यांनी उशीखालून मोबाईल काढला. पुतण्याने त्यात एक ॲप टाकून दिले होते. रात्री दिवे मंद झाले की कानाला लावायचे. त्यातला आवाज सांगतो, श्वास आत येतो आहे, बाहेर जातो आहे, तेवढेच पाहा, मन दुसरीकडे गेले तर रागावू नका, परत श्वासावर आणा.

"अर्धी रात्र डोळे उघडे असतात जी फादर," त्या म्हणाल्या, "हे लावले की तास-दीड तास डोळा लागतो. पण हे आपल्यात चालते का? बाजूच्या खाटेवरची बाई म्हणते, हे तर बौद्धांचे ध्यान आहे. मी खरे म्हणजे जपमाळ घ्यायला पाहिजे. पण जपमाळ घेतली की मोजणी चुकते आणि रडू येते."

आम्ही "चालते ताई, काही पाप नाही" असे सांगितले आणि शहापूरची बस पकडायची म्हणून निघालो. उत्तर चुकीचे नव्हते, पण अर्धवट होते. महामार्गावरून घरी येताना ते आमच्या मनाला टोचत राहिले. त्या भगिनीच्या परवानगीनेच आज हा विषय आपल्यापुढे मांडत आहोत, कारण तो त्यांच्या एकटीचा नाही.

प्रथम आजाराविषयी थोडे. आपल्या भंडारा-गोंदिया भागात 'रक्ताचा आजार' म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे सिकलसेल येतो. तो जन्मजात असतो, आईवडिलांकडून येतो. रक्ताचा कर्करोग वेगळा. ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा अशी त्याची मुख्य कुळे आहेत. त्याची गाठ दर वेळी हाताला लागतेच असे नाही. रुग्ण बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून पार थकलेला असतो. म्हणूनच "तुम्हाला काय झाले आहे, चांगले तर दिसता" हे वाक्य त्याला रोज ऐकावे लागते.

झोप का जाते, याची कारणे अगदी साधी आणि शारीरिक आहेत. काही रुग्णांना रात्री इतका घाम येतो की अंथरूण बदलावे लागते. मायलोमात हाडे दुखतात, कूस बदलणेसुद्धा जड जाते. रक्त कमी असल्यामुळे दिवसा ग्लानी असते, दिवसा डोळा लागतो आणि रात्र कोरडी जाते. उपचारात बरेचदा स्टेरॉइडच्या गोळ्या असतात. त्या संध्याकाळी घेतल्या तर मेंदू रात्रभर जागा राहतो. (ही गोळी सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. हा प्रश्न विचारायचे धाडस न झाल्याने कितीतरी रात्री फुकट जातात.) यात वॉर्डातले दिवे, सलाईनच्या यंत्राची पीं-पीं, शेजाऱ्याची उलटी. आणि या सगळ्यांवर बसलेली भीती, उद्याच्या रिपोर्टमध्ये काय येणार, घरी भाताच्या रोवणीचे काय झाले असेल, मुलीचे कॉलेज.

आता त्या ॲपविषयी. त्याला इंग्रजी शब्दच घेऊन 'माईंडफुलनेस' म्हणतात. मराठीत 'सजगता' म्हणता येईल. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली, औषधांनी ज्यांच्या वेदना पुरत्या थांबत नव्हत्या अशा रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा एक कार्यक्रम सुरू केला. त्यातून धार्मिक शब्द बाजूला ठेवलेले होते. श्वास पाहणे, पायाच्या बोटापासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष नेणे, वेदनेशी भांडण न करता ती कुठे आहे, किती आहे ते पाहणे, एवढेच. पुढे कर्करोगाच्या रुग्णांवर त्याचे पुष्कळ अभ्यास झाले. ॲरिझोनातील संशोधकांनी तर, अस्थिमज्जेत रक्तपेशी गरजेपेक्षा जास्त तयार होतात अशा दीर्घकाळ चालणाऱ्या आजारांच्या रुग्णांना फोनवरूनच रोज दहाएक मिनिटे ध्यान देऊन पाहिले. कारण असा थकलेला माणूस वर्गाला येऊ शकत नाही.

या अभ्यासांतून निघालेले मत माफक आहे आणि ते माफक शब्दांतच सांगितले पाहिजे. अनेकांची झोप काहीशी सुधारते, धास्ती आणि थकवा काहीसा उतरतो. कर्करोगाच्या पेशी त्याने कमी होत नाहीत. ते केमोच्या जागी घेता येत नाही. काहींना तर डोळे मिटून आत पाहिल्याने भीती अधिकच वाढते. त्यांनी ते सोडून द्यावे, त्यात अपयश काही नाही. निद्रानाशासाठी झोपेच्या सवयी आणि झोपेविषयीचे विचार बदलण्याचे शास्त्रशुद्ध उपचारही आहेत. डॉक्टर आधी तेच सुचवतात. आणखी एक, आणि हे लक्षात ठेवावे : केमो चालू असताना ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्यावर गेला तर ती तातडीची बाब असते. तेव्हा ध्यान नाही, नोवेनाही नाही. आधी दवाखाना, रात्रीचे दोन वाजले असले तरी. नोवेना गाडीत करता येतो.

आता त्या भगिनीच्या प्रश्नाकडे वळू. त्यात खरे तर दोन प्रश्न होते. एक, परक्या घरची वस्तू आपण वापरावी का. दुसरा अधिक खोल आणि तो त्यांनी रडण्याच्या उल्लेखात लपवला होता. देवाकडे न जाता केवळ झोपेसाठी मन वळवायचे, यात देवाचा अपमान तर नाही?

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. शेजारच्या खाटेवरची बाई खरे बोलली. श्वास पाहण्याची ही रीत बौद्ध परंपरेतून आली आहे. आपल्या विदर्भात, जिथे १९५६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात दीक्षा घेतली, तिथे ती परकी म्हणायची तरी कशी? आपल्या शेजारच्या घरांतील मुलांना 'आनापान' हा शब्द माहीत असतो. आणि श्वासाशी प्रार्थना जोडणे आपल्याकडेही जुनेच आहे. पूर्वेकडील ख्रिस्ती संन्यासी येशूचे नाव श्वासाच्या लयीत घेत. संत इग्नाती लोयोला यांच्या 'आध्यात्मिक साधना' या १५४८ साली छापलेल्या पुस्तकात प्रार्थनेची एक पद्धत अशी आहे की, एका श्वासाला 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' या प्रार्थनेचा एकच शब्द घ्यायचा आणि पुढचा श्वास येईपर्यंत त्या शब्दावर राहायचे. मुंबईत १९३१ साली जन्मलेले येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो यांनी १९७८च्या 'साधना' या पुस्तकात अशा सरावांना ख्रिस्ती प्रार्थनेत जागा दिली. त्यांच्या पुढील काळातील काही विधानांबद्दल रोमच्या धर्मसिद्धांत मंडळाने १९९८ साली हरकत घेतली हे खरे. पण त्याच पत्रकात सुरुवातीची पुस्तके ख्रिस्ती अध्यात्माच्या चौकटीत असल्याचेही म्हटले आहे. हा दुसरा भाग आपल्याकडे कुणी वाचत नाही.

दुसऱ्या प्रश्नाने आम्हाला अधिक गुंतवले. त्याचा विचार करताना एक प्रसंग आठवला, आणि तो आपल्या नव्हे, बौद्ध परंपरेतला आहे. विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोयंका, ज्यांनी पुढे १९७६ साली इगतपुरीचे केंद्र सुरू केले, ते मूळ ब्रह्मदेशातील व्यापारी. त्यांना अर्धशिशीचा असह्य त्रास होता, इतका की मॉर्फिनची सुई घ्यावी लागे. १९५५ साली ते ऊ बा खिन या गुरूंकडे गेले, तेव्हा गुरूंनी त्यांना प्रथम घेण्यास नकार दिला. कारण हे की, ही विद्या मनाच्या मुक्तीसाठी आहे, डोकेदुखीच्या उपचारासाठी ती वापरणे म्हणजे तिचे मोल कमी करणे. गोयंकांना आपला हेतू बदलावा लागला.

या नकारात मोठी शिस्त आहे. आम्ही तिचा आदर करतो. साधनेला औषधाच्या बाटलीत भरले की ती साधना राहत नाही, ही भीती खोटी नाही. बाजारात आज ध्यानाचे जे काही विकले जाते ते पाहिले तर गुरूंची शंका योग्यच वाटते.

पण प्रभू येशूने कधी असा नकार दिल्याचे शुभवर्तमानात आम्हाला सापडत नाही. लोक त्याच्याकडे पोटासाठी, त्वचेसाठी, तापासाठी आले. पेत्राची सासू तापाने फणफणली होती, तिचा ताप गेला. तिला आधी तिचा हेतू विचारला गेला नाही. लूकच्या शुभवर्तमानातील दहा कुष्ठरोगी घ्या. दहाही बरे झाले आणि एकच परत येऊन पाया पडला. बाकीचे नऊ कुठे आहेत, असे प्रभूने विचारले. त्याला वाईट वाटले असेल. पण त्या नऊ जणांच्या अंगावर कोड परत आले असे लूक सांगत नाही. आराम देऊन झाल्यावर देवाने त्याची वसुली केली नाही.

म्हणून त्या भगिनीला आमचे पुरते उत्तर असे : ताई, तुम्ही झोपेसाठी श्वास पाहता, तर झोपेसाठीच पाहा. त्याला प्रार्थनेचे नाव देण्याची गरज नाही. मनात आले तर श्वासाबरोबर येशूचे नाव घ्या, नाही आले तर घेऊ नका. झोप हीच चांगली गोष्ट आहे. ती चांगली ठरण्यासाठी तिच्यावर धर्माचा शिक्का मारावा लागत नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना आमच्या प्राध्यापकांनी संत थोमस अक्विनास यांचा एक भाग वाचून दाखवला होता आणि सगळा वर्ग हसला होता. दुःखावर उपाय कोणते, याचा विचार करताना एवढा मोठा तत्त्ववेत्ता रडणे, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन यांबरोबर झोप आणि अंघोळ यांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहितो! विशीतल्या, रात्री डोके टेकताच घोरणाऱ्या मुलांना ते गमतीचे वाटले. थोमसचे म्हणणे असे की, दुःख शरीराच्या स्वाभाविक हालचालीला अडवते, म्हणून जे शरीराला त्याच्या मूळ स्थितीला आणते ते दुःखाच्या विरुद्ध काम करते. आधाराला तो संत ऑगस्टीनची आठवण घेतो. आई मोनिका वारली त्या दिवशी ऑगस्टीनने अंघोळ केली, दुःख तसेच राहिले. मग तो झोपला, आणि उठला तेव्हा ते काहीसे निवळले होते. (अंघोळीचा उपाय मात्र सरसकट सांगू नये. पॉलिसायथेमिया या रक्ताच्या आजारात गरम पाण्याने अंगाला भयंकर खाज सुटते. थोमसला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते.)

एलिया संदेष्ट्याचेही तसेच. रानात झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. तो झोपला, दूताने उठवून भाकर आणि पाणी दिले, तो पुन्हा झोपला. देवाशी बोलणे पुढे झाले, चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर.

वेदना सहन करण्यातच पुण्य आहे, औषध घेतले तर क्रूस टाळला, असे अजूनही काही जुनी मंडळी मानतात. त्यांच्यासाठी सांगतो, पोप बारावे पायस यांनी २४ फेब्रुवारी १९५७ रोजी भूलतज्ज्ञ डॉक्टरांपुढे बोलताना स्पष्ट केले होते की, वेदना स्वीकारण्याची सक्ती रुग्णावर नाही, ती शमवणे उचित आहे. कुणी ती स्वखुशीने ख्रिस्ताला अर्पण केली तर ती त्याची थोरवी. दुसऱ्याच्या वेदनेबाबत ते ठरवणारे आपण कोण?

इथपर्यंत सोपे होते. आता आमची स्वतःची चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका दुसऱ्या धर्मग्रामात असताना आम्ही अशाच एका रुग्ण बंधूंना भेटायला जात असू. ते फार अस्वस्थ असत. आम्ही दर वेळी सांगत असू, "मन शांत ठेवा, देवावर भार टाका, झोप लागेल." एके दिवशी त्यांनी विचारले, "फादर, मला झोप लागत नाही, म्हणजे माझा विश्वास कमी आहे का?" आम्ही घाईने "नाही, नाही" म्हटले. पण ते आमच्याच तोंडून हे शिकले होते. आम्ही त्यांच्या खांद्यावर आजाराबरोबर आणखी एक ओझे ठेवले होते, शांत राहण्याचे. पुढे ते वारले. त्यांच्या शेवटच्या रात्री कशा गेल्या असतील याचा विचार आला की आमचीही झोप जाते.

माईंडफुलनेसच्या शिकवणुकीतही हाच धोका आहे आणि आपल्या भक्तीतही. मन शांत झाले तर आपण ते साधले, नाही झाले तर आपल्यातच काही खोट. धर्मसिद्धांत मंडळाने १९८९ साली ख्रिस्ती ध्यानाविषयी सर्व महागुरूंना पत्र लिहिले होते. त्यात इशारा आहे की, शरीराच्या सरावातून येणारी शांतता आणि सुखद जाणीव म्हणजे पवित्र आत्म्याचे सांत्वन असे समजू नये. हा इशारा सहसा ध्यान करणाऱ्यांना घाबरवण्यासाठी सांगितला जातो. आम्हाला वाटते, त्याची दुसरी बाजू रुग्णासाठी मोठ्या दिलाशाची आहे. शांतता हा पवित्र आत्म्याचा पुरावा नसेल, तर अशांतता ही त्याच्या गैरहजेरीची खूणही नाही. स्टेरॉइडने जागा राहिलेला मेंदू म्हणजे अश्रद्धा नव्हे.

आणि प्रभू येशू नेहमी शांत होता का? वादळात होडीत उशीला डोके टेकून तो झोपला होता हे खरे. पण गेथशेमानी बागेत, दुःखाने व्याकूळ होऊन, घामाघूम होऊन तो जमिनीवर पडला होता. तोही देवाचा पुत्रच होता, होडीतल्या इतकाच. ईयोबाच्या रात्रींविषयी तर पवित्र शास्त्रात असे काही लिहिले आहे की, आम्ही ते आजाऱ्याच्या उशाशी मोठ्याने वाचायला कचरतो. खरे म्हणजे वाचायला हवे. आपल्यासारखाच कुणीतरी रात्रभर तळमळला आणि त्याचे ते बोलणे पवित्र ग्रंथात ठेवले गेले, हे ऐकून एका मायलोमाच्या रुग्णाने आम्हाला सांगितले होते की, त्यांना पहिल्यांदाच बायबलमध्ये ओळखीचा माणूस भेटला.

गेथशेमानीत प्रभूने शिष्यांकडे उपदेश मागितला नाही. आपल्यासोबत घटकाभर जागे राहा, एवढेच मागितले. ते झोपले. तिथे सजग राहण्याचे काम वेदनेत असलेल्याचे नव्हते, सोबत्यांचे होते. आपण मात्र ते उलटे केले आहे. आजाऱ्याला सांगतो, तू सजग राहा, तू श्वास पाहा, तू मन आवर. आणि आपण संध्याकाळी सात वाजता भेटून, द्राक्षे ठेवून, घरी येऊन झोपतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८४ साली मानवी दुःखावर जे पत्र लिहिले, त्याच्या शेवटाकडे त्यांनी भल्या शोमरोनी माणसाला आणून उभे केले आहे. त्या माणसाने जखमीला धीराने सोसण्याचे महत्त्व सांगितले नाही. तेल, द्राक्षरस, गाढव, धर्मशाळेचे भाडे, असा त्याचा हिशेब आहे. ती रात्रही त्याने जखमीजवळच काढली. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रुग्णांसाठी शांती आवेदना सदन सुरू झाले, भारतातील अशा प्रकारचे पहिले. डॉ. एल. जे. डिसोझा यांनी ते उभे केले. तिथे धर्मभगिनी रुग्णांची शुश्रूषा करतात. रात्री कुणीतरी जागे असते, हे माहीत असलेल्या माणसाला झोप लागणे सोपे जाते. लहान मुलांना हे आपण जन्मापासून देतो, मोठ्यांच्या बाबतीत विसरतो.

आपले शहापूर लहान आहे, इथे तसे सदन नाही. मोठ्या उपचारांसाठी नागपूरशिवाय गत्यंतर नाही. रुग्णाबरोबर गेलेली बायको किंवा मुलगा आठ-आठ रात्री खुर्चीवर किंवा वॉर्डाबाहेर चादर टाकून काढतो. तिसऱ्या रात्रीनंतर त्याच्या अंगातही त्राण राहत नाही. त्या भगिनीला आम्ही पुन्हा भेटलो तेव्हा त्या म्हणाल्या, "मशीन बोलते ते चांगलेच आहे जी, पण मध्येच थांबते. मग खोलीत कोणी नसते."

मागील महिन्यात दोन तरुण आणि एक निवृत्त शिक्षिका आम्हाला भेटून म्हणाल्या की, त्या आलटून-पालटून रात्री थांबायला तयार आहेत. तिघांना जमणार नाही, निदान आठ-दहा जण हवेत, म्हणजे प्रत्येकाची पाळी महिन्यातून दोनदाच येईल. रात्री नऊच्या सुमारास रुग्णालयात पोहोचायचे, घरच्या माणसाला झोपायला पाठवायचे, सकाळच्या बसने परत. रुग्णाशी बोलायलाच हवे असे नाही. त्यांना ॲप लावायचे असेल तर लावून द्या. जपमाळ हवी असेल तर त्यांच्या वतीने मोजणी तुम्ही ठेवा. सर्दी-खोकला असलेल्याने मात्र जाऊ नये. या रुग्णांची प्रतिकारशक्ती फार कमी असते. फुलेही नेऊ नका.

ज्यांना रात्री थांबणे शक्य नाही आणि प्रकृती चांगली आहे, त्यांनी प्लेटलेट देण्याचा विचार करावा. दान केलेल्या प्लेटलेट साधारण पाचच दिवस टिकतात, त्यामुळे त्यांचा साठा करून ठेवता येत नाही, देणारा माणूस त्या वेळी हजर असावा लागतो. यंत्रावर दीड-दोन तास बसावे लागते.

दोन्हींसाठी वेगवेगळ्या वह्या आजच्या मिस्सेनंतर सॅक्रिस्टीच्या दारात टेबलावर ठेवलेल्या असतील. नाव, फोन नंबर आणि दुसऱ्या वहीत रक्तगट लिहावा. आमचा फोन रात्री चालू असतो.

आपला,
धर्मगुरू